वॉशरच्या भंगारातला दिवा: एक पावसाळा उलटल्यावर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यातून वॉशर कापून घेतले की भोकाभोकांची पट्टी उरते. एरवी ती किलोच्या भावाने भंगारात जाते. तीच पट्टी गोल वळवून केलेले दोन दिवे दिवाळीपासून आमच्या दांडिया बाजारच्या घरात आहेत. एक हॉलमध्ये टांगलाय, दुसरा टेबलावर. त्याला बूड म्हणून जुना गिअर.

दिसायला झकास, वादच नाही. पण सगळा खेळ बल्बचा. नेहमीचा दुधी एलईडी लावला की भिंतीवर नुसते पुसट डाग. पारदर्शक काचेचा, २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा फिलामेंट एलईडी लावला आणि भोकन् भोक भिंतीवर रेखीव उतरलं. गणपतीत मखरामागे तोच ठेवला, येणारा प्रत्येक जण "कुठून आणला?" विचारत होता. वाचायला मात्र बिनकामाचा, पानावरही ठिपकेच. आईने दुसऱ्याच दिवशी आपला जुना टेबल लॅम्प परत मागितला.

खरी तक्रार वायरिंगची. टेबलाचा दिवा आला तो दोन पिनांचा, अर्थिंग नाहीच. सगळं अंग लोखंडाचं, वायर धारदार भोकातून आत जाते. इन्सुलेशन सोललं की करंट थेट पत्र्यात. बनवणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "एलईडी आहे, काही होत नाही." अहो, होल्डरपर्यंत २३० व्होल्टच येतात ना! शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियनकडून तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लावून घेतला, भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून कडं, बसवला. अर्थिंगची हिरवी तार बोल्टने अंगाला कसताना त्याने आधी तिथलं पावडर कोटिंग, म्हणजे पत्र्यावरचा रंगाचा थर, खरवडून काढलं. त्या थरातून वीज जात नाही, वरूनच कसलं तर अर्थिंग नावापुरतं.

पावसाळ्यात सपाट भाग चांगला राहिला, गंज धरला तो भोकांच्या कडांना. धारदार कडेवर कोटिंग पातळच बसतं. कापताना राहिलेली बर, म्हणजे कडेची खरखरीत धार, नीट घासली असती तर हे बरंच टळलं असतं. पावसाळी किडे आत शिरतात, धूळ पुसायला रंगाचा जुना ब्रश लागतो, ते एक वेगळंच.

तरी हॉलमधला उतरवणार नाही. घ्यायचाच असेल तर दुकानात सुती रुमाल कडांवरून फिरवून बघा. धागे अडकले तर तो नग तिथेच ठेवून द्या, आणि प्लगला पिना किती तेही बघा.