सर व्हायचं की ब्रदर?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली दोन-चार पोरं दरवर्षी घरी येतात. प्रश्न ठरलेला: लोकांच्या उपयोगी पडायचंय, पण समाजकार्य करू की नर्सिंग? मला विचारतात कारण मी दोन्ही केलंय. आधी समाजकार्याचं एमएसडब्ल्यू, मग दोन वर्षं एका संस्थेत फिल्डवर, आणि सव्विसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरापोरींच्या बाकावर बसून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. घरच्यांनी काय काय ऐकवलं ते सोडा.

किती वर्षं लागतात, फी किती, हे कॉलेजवाले सांगतील. मी बाकीचं सांगतो.

समाजकार्याला या जिल्ह्यात कामाचा तोटा नाही. सौंदत्तीकडं देवदासींचा प्रश्न आहे. बंदीचा कायदा १९८२ चा, पण म्हाताऱ्या झालेल्या बायकांची पेन्शन त्यानं आपोआप दारात येत नाही, कुणीतरी खेपा घालून ती आणावी लागते. निपाणीत विडी-तंबाखूत आयुष्य घातलेल्या बायका आहेत. आणि खास आपल्या सीमाभागाचा एक गुंता: २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं इथल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं. म्हणजे पेशंट कर्नाटकातला, रेशनकार्ड कर्नाटकाचं आणि योजना पलीकडची. कुठला कागद कुठल्या टेबलावर चालतो हे ठाऊक असलेला एक माणूस अशा वेळी एखाद्या घराचं शेत विकायचं वाचवू शकतो. हे काम लहान नाही, आणि ते नर्सला जमतंच असं नाही.

मग मी सोडलं का? फोटोमुळं.

हसू येईल, पण खरं आहे. प्रत्येक गृहभेटीचा फोटो पाठवावा लागे. त्यात लाभार्थी दिसला पाहिजे, मागं बॅनर दिसला पाहिजे, कोपऱ्यात तारीख आणि ठिकाण. एक आजी होती, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला ब्लँकेट द्यायला गेलो. सुनेनं तिला उठवून भिंतीला टेकवलं, बॅनरचं एक टोक मी खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं शेजारच्या पोराला धरायला दिलं. पहिल्या फोटोत बॅनरवरचं नाव दुमडलेलं. दुसऱ्यात आजीचे डोळे मिटलेले. तिसऱ्याच्या वेळी ती पदर सावरायला बघत होती आणि हात उचलत नव्हता. ‘थांब की रे बाळा, फोटूत बरं दिसाय पायजे.’

उठवताना तिच्या कमरेवरची जखम मला दिसली होती. तिचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं, आणि फॉर्मात तिच्यासाठी रकाना नव्हता. ‘दवाखान्यात दाखवा’ म्हणालो, बॅनर गुंडाळला, निघालो. पुढं मार्चमध्ये प्रोजेक्टच संपला.

सगळ्या संस्था अशा नसतात. माझ्या वाट्याला आली ती तशी होती, म्हणून माझं बोलणं थोडं तोलून घ्या.

नर्सिंगचं कौतुकही फार नको. खासगीत सुरुवातीचा पगार सांगायला लाज वाटेल असा. रात्रपाळी आहे, पायांची वाट लागते, पेशंटचा राग नातेवाईक तुमच्यावर काढतात. काल गावात ‘सर’ म्हणणारे आज ‘ओ ब्रदर’ म्हणून हाक मारतात, त्याचीही सवय करावी लागते. लिहिणंही सुटत नाही, प्रत्येक पाळीला चार्ट आहेच. पण चार्टसाठी कुणाला उठवून बसवावं लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, हे मी वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहीत काही लिहिलंच नाही. ती आजीच डोळ्यांसमोर आली.

कन्नडचं म्हणाल तर दोन्हीकडं सुटका नाही. इथं सरकारी जागा धरायची तर लिहिता-वाचता यायलाच हवं. फरक इतकाच की फिल्डवर अर्ज आणि अहवाल लिहिताना पहिल्या आठवड्यातच घाम फुटतो, वॉर्डात ‘नोवु ऐतेनु?’, ‘ऊटा आतेनु?’ एवढ्यावर पहिला महिना निघतो. पुढं कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याकडं जायचं झालं तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून घ्यावी लागते. कटकट आहे, पण होते.

तहसीलदार कचेरीत चौथ्यांदा ‘उद्या या’ ऐकूनही ज्याचं डोकं तापत नाही, त्यानं खुशाल समाजकार्य घ्यावं. तशी माणसं मी पाहिलीत, मी त्यातला नव्हे.

यंदा भाच्यानं बीएसडब्ल्यूचा फॉर्म आणलाय. मी काही बोललो नाही. त्याला फोटो काढायची हौस आहे.