लेकानेमॅब की डोनानेमॅब?

शेंगाचटणीत मीठ दोनदा पडायला लागलं, सिद्धेश्वर यात्रेत पायाखालचा रस्ता चुकला, तरी आपल्या सोलापुरात 'वय झालंय' म्हणून विषय मिटवतात. मिटवू नका! लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही दोन्ही औषधं अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातच देतात, तेही मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याचं तपासणीत दिसल्यावर.

दोन्ही अँटिबॉडी सलाइनसारख्या शिरेतून जातात. लेकानेमॅब (अमेरिकेत पूर्ण मान्यता २०२३) मुख्यतः गाठ बनण्याआधीचे अमायलॉइडचे तंतू पकडतं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी घ्यावं लागतं. डोनानेमॅब (२०२४) साचून बसलेल्या गाठींवर जातं, महिन्यातून एकदा, आणि गाठी साफ झाल्या की थांबवता येतं. उपचारासाठी पुणं गाठायचं म्हटलं तर एका बाजूने अडीचशे किलोमीटर. थकलेल्या माणसाला ते दर पंधरवड्याला झेपेल का? इथे डोनानेमॅब उजवं.

पण मला काळजी मेंदूच्या सुजेची वाटते. मुख्य चाचण्यांत ती लेकानेमॅबवर सुमारे १३ टक्के, तर डोनानेमॅबवर २४ टक्के रुग्णांच्या एमआरआयमध्ये दिसली. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे आकडे थेट ताडता येत नाहीत, तरी फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. बहुतेकांना त्रास जाणवत नाही. क्वचित जिवावर बेततं. एपीओई-४ या अल्झायमरशी संबंधित जनुकाच्या दोन प्रती असतील तर धोका बराच वाढतो. म्हणून जनुक तपासणी आधी, औषधाची निवड नंतर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गुण जवळपास सारखाच: दीड वर्षात स्मरणशक्ती आणि रोजच्या कामांतली घसरण २७ ते २९ टक्क्यांनी मंदावली. गेलेली आठवण दोन्हींनी परत येत नाही.