बूस्ट लीक टेस्टर आणि व्हॅक्युमचा हातपंप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

टर्बो गाडी ओढेनाशी झाली की पहिला संशय डंप व्हॉल्व्हवर, म्हणजे पेडल सोडल्यावर टर्बोची जादा हवा सोडून देणाऱ्या झडपेवर. तो समोरच दिसतो, दोन क्लॅम्प सोडले की हातात येतो, त्यामुळे खात्री न करताच बदलला जातो. नवा व्हॉल्व्ह बसतो आणि गाडी जिथल्या तिथे. आठ महिने ही दोन साधनं वापरल्यावर माझं मत असं: दोन्ही हवीतच, पण डंप व्हॉल्व्हच्या बाबतीत टेस्टर दोन प्रकारे फसवतो. चांगल्या व्हॉल्व्हला गळका ठरवतो आणि गळक्याला पास करतो. सोबत आलेल्या माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे जरा लांबण.

आधी साधनांचं. टेस्टर म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची पायऱ्यापायऱ्यांची टोपी, ५० ते ९० मिमी व्यासाच्या होजमध्ये बसणारी. तिच्यातून हवेच्या मार्गात दाब भरायचा आणि गळती शोधायची. तिच्यावर टायरला असतो तसा व्हॉल्व्ह, ३० पीएसआयपर्यंतचा (पीएसआय हे दाबाचं एकक) गेज आणि छोटा रेग्युलेटर. टोपी आजही नव्यासारखी आहे. बाकीच्याचं तसं नाही. सोबतच्या वर्म क्लॅम्पचे आटे लवकर गेले, त्यांच्या जागी टी-बोल्ट क्लॅम्प लावल्यावर त्रास थांबला. गेजचा काटा आता शून्यावर येत नाही, दोनवर अडकतो. टायर व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून टाकलेली बरी, ती हवेचा प्रवाह उगाच आवळते. आणि गेजच्या आट्यांतून टेस्टर स्वतःच गळतो. कोणत्याही गाडीला लावण्याआधी टोपी बंद टोकाच्या होजमध्ये बसवून, दाब भरून बादलीत बुडवायची. बुडबुडे आले तर आट्यांना टेफ्लॉन टेप. हे न करता इंजिनातली गळती शोधत बसलं की अर्धा दिवस जातो.

हातपंप दाब आणि व्हॅक्युम दोन्ही देणारा घ्यावा. नुसत्या व्हॅक्युमच्या पंपाने दाबावर चालणारा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) तपासता येत नाही. आठ महिन्यांत त्याचा पिस्टन सील कोरडा पडला, सिलिकॉन तेलाचे दोन थेंब पुरले. प्लॅस्टिकचे जोड मात्र सैल होतात, त्यापेक्षा ४ मिमी आतल्या व्यासाची जाड सिलिकॉन नळी सरळ पंपालाच लावावी.

टेस्टरला हात लावण्याआधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले (इसीयूतले) आकडे वाचणारं यंत्र. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि वातावरणाच्या दाबाचा सेन्सर जवळजवळ सारखेच आकडे दाखवायला हवेत. समुद्रसपाटीला सुमारे १०१० मिलीबार, हजार मीटर उंचीवर सुमारे ९०० मिलीबार. इथेच तफावत असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं. मग सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसलेल्याच्या हातात स्कॅनर देऊन, तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण पेडल. मागितलेला बूस्ट (टर्बोने वातावरणापेक्षा वर चढवलेला दाब), मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची ड्यूटी (तो बंद ठेवायला इसीयू किती टक्के जोर लावतोय) आणि एअरफ्लो, म्हणजे आत येणारी हवा, एवढंच नोंदवायचं. मॅप सेन्सर निरपेक्ष दाब सांगतो, म्हणजे स्क्रीनवरचे २००० मिलीबार म्हणजे जेमतेम १ बार बूस्ट. हा घोळ फार जणांचा होतो.

मागणी जास्त, मिळकत कमी आणि ड्यूटी ९० टक्क्यांच्या वर चिकटलेली असेल तर इसीयू जीव तोडून बूस्ट मागतोय आणि हवा कुठेतरी पळतेय, किंवा वेस्टगेट नीट बंद होत नाही. पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड याच चित्रातून येतो. पण मागणीच कमी असेल तर गळती शोधण्यात अर्थ नाही. तिथे इसीयूने स्वतःहून हात आखडता घेतलाय: नॉक (मिश्रणाचा अवेळी भडका), गरम हवा, इंधनाचा कमी दाब. एवढं एक पाहिलं तरी कितीतरी डंप व्हॉल्व्ह वाचतील.

फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू इंधनात करत असलेली कमी-जास्त दुरुस्ती, हेही बोलतात, पण गाडीत हवा कशी मोजली जाते ते माहीत हवं. एअरफ्लो मीटरच्या गाडीत मीटर आणि टर्बोच्या मधला होज फुटला तर न मोजलेली हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), ट्रिम अधिकात जातं. टर्बोनंतर गळती असेल तर मोजलेली हवा बाहेर जाते, लोडखाली मिश्रण घट्ट होतं, काळा धूर येतो. इनटेक मॅनिफोल्डमध्येच (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात) चीर असेल तर आयडलला पातळ आणि बूस्टला घट्ट. केवळ मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत मात्र थ्रॉटलच्या (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधीची गळती ट्रिममध्ये दिसतच नाही. टर्बो जास्त फिरून भरपाई करतो आणि एकट्या ड्यूटीचा आकडा चढतो.

आता प्रेशर टेस्ट. इंजिन थंड, गिअर न्यूट्रल. एअरफ्लो मीटर काढून टोपी टर्बोच्या इनलेट होजमध्ये. क्रँककेस ब्रीदरची (इंजिनाच्या तळातल्या वाफा परत नेणारी) नळी इनलेट पाइपवरून सोडून पाइपाचं तोंड बंद करायचं, नाहीतर दाब थेट क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर ढकलतो. तेलाचं झाकण सैल ठेवावं. झाकणातून जोरात हवा येत असेल तर पीसीव्हीचा, म्हणजे त्याच वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या नळीचा, एकाच दिशेने हवा सोडणारा चेक व्हॉल्व्ह संशयित. हळूहळू वाढवत गाडीच्या मूळ बूस्टइतकाच दाब, सहसा १० ते १५ पीएसआय. टोपीसमोर उभं राहायचं नाही: ७० मिमीच्या टोपीवर १५ पीएसआय म्हणजे जवळजवळ ४० किलोचा धक्का. बेल्ट-पुलीपासून हातही लांब, एखाद्या सिलिंडरमध्ये हवा शिरून क्रँक अचानक फिरू शकतो.

गेज स्थिर राहील अशी अपेक्षा ठेवू नये. कुठला ना कुठला इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतोच, पिस्टन रिंगांमधूनही हवा जाते. एक्झॉस्टमधून सरसर आवाज आला तर दाब सोडून क्रँक पान्याने फिरायच्या दिशेनेच थोडा फिरवायचा. शोधायची ती जागा, गेजचा वेग नाही. छोटा बारा व्होल्टचा टायर पंप इथे चालत नाही, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) आणि पाइप भरेपर्यंतच त्याचा दम संपतो. टाकीवाला कॉम्प्रेसर हवा.

साबणाचं पाणी फवारायच्या आधी हाताने चाचपून पाहावं. इंटरकूलरच्या होजला वळणाच्या आतल्या बाजूला तडा जातो. तो बाहेरून दिसत नाही, होज वाकवला की उघडतो. जोडाभोवती तेलाचा ओला काळा पट्टा दिसला तर तिथून हवा जातेच, बूस्टच्या हवेतलं बारीक तेल तिथे साचतं. क्लिपच्या झटपट जोडांमधली ओ-रिंग चपटी होते. इंटरकूलरची प्लॅस्टिक टाकी आणि अ‍ॅल्युमिनिअम जिथे मुडपून जोडलेले असतात ती शिवणही तपासावी. स्मोक मशिनबद्दल एक वाक्य: धूर सहसा अर्ध्या-एक पीएसआयवर चालतो, त्यामुळे दाबाखाली उघडणारा तडा त्यात दिसेलच असं नाही.

आता मूळ मुद्दा. पहिली फसवणूक: डंप व्हॉल्व्ह बंद राहतो तो स्प्रिंगमुळे कमी आणि मॅनिफोल्डकडून येणाऱ्या बारीक नळीतल्या दाबामुळे जास्त. पूर्ण पेडलवर वरच्या कप्प्यात बूस्ट असतो, खालीही तोच. वरच्या पडद्याचं क्षेत्रफळ झडपेपेक्षा मोठं, म्हणून झडप घट्ट बसते. टेस्टमध्ये थ्रॉटल बंद असतो, वरच्या कप्प्यात दाब नीट पोचत नाही आणि खालचा दाब नरम स्प्रिंगला उचलतो. पाचसहा पीएसआयलाच बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह फुस्स करतो आणि गळका ठरतो. उपाय सोपा: बारीक नळी मॅनिफोल्डकडून सोडून टी-जोडाने टेस्टरच्याच दाबावर घ्यायची, मॅनिफोल्डचं तोंड बंद करायचं. मग जो गळेल तो खरा गळका.

दुसरी फसवणूक याच्या उलट. हवा परत इनलेटमध्ये सोडणाऱ्या रिसर्क्युलेटिंग व्हॉल्व्हचं दुसरं टोक त्याच इनलेट पाइपला असतं जिथे टोपी लावलीय. म्हणजे झडपेच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब. झडप अर्धी उघडी असली तरी बाहेर हवेचा थेंबही येत नाही, आणि व्हॉल्व्ह पास! यासाठी परतीचा होज इनलेट पाइपवरून काढायचा, पाइपाचं भोक रबरी बुचाने बंद करायचं आणि होजचं मोकळं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवायचं. टी-जोड लावलेला असताना १२ पीएसआयवर पाणी निवांत असेल तर व्हॉल्व्ह चांगला. एखाददुसरा बुडबुडा धातूच्या पिस्टन व्हॉल्व्हला माफ, पडद्याच्या व्हॉल्व्हला नाही. सलग बुडबुडे आले की व्हॉल्व्ह बाहेर काढायचा.

बाहेर काढल्यावर हातपंपाचं काम. वरच्या निपलला १५ ते २० इंच पाऱ्याचा व्हॅक्युम दिला की झडप पूर्ण उघडायला हवी आणि काटा मिनिटभर हलायला नको. काटा सरकला तर पडदा फाटलाय. पंप नसेल तर झडप बोटाने उघडायची, निपलवर अंगठा दाबून धरायचा आणि बोट सोडायचं. पडदा शाबूत असेल तर झडप अडकून राहते. सटकन बंद झाली तर फाटका. झडप उघडी असताना आत टॉर्च मारावा: पडद्याची घडी जिथे मुडपते तिथेच केसासारखी चीर असते, ताणली तरच दिसते. प्लॅस्टिकच्या शरीराचे दोन भाग जिथे जोडलेत तिथेही साबणाचं पाणी लावून पाहावं.

व्हॉल्व्ह ठीक असूनही त्रास असेल तर ती बारीक नळी. तिला चीर पडली की बूस्टवर वरचा कप्पा रिकामा होतो आणि चांगला व्हॉल्व्हही झडप सोडतो. लक्षणं हुबेहूब गळक्या व्हॉल्व्हची, शिवाय आयडल डगमगतं. टोकाचा इंचभर कडक झालेला भाग कापून पुन्हा लावला तरी बरेचदा भागतं.

सोलेनॉइडवर, म्हणजे विजेच्या कॉइलवर, चालणारे व्हॉल्व्ह या चाचण्यांत बसत नाहीत. फोक्सवॅगन समूहाच्या २.० टीएफएसआयमध्ये सुरुवातीच्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (रिसर्क्युलेटिंग डंप व्हॉल्व्हचंच दुसरं नाव) रबरी पडदा फाटायचा, नंतरच्या आवृत्तीत पिस्टन आला. हा व्हॉल्व्ह टर्बोच्या घरालाच बसतो, हवा आतल्या आत फिरते, त्यामुळे ग्लासाची युक्ती चालत नाही. तीन स्क्रू काढून पडदा आणि ओ-रिंग डोळ्यांनी पाहायची, १२ व्होल्ट क्षणभर देऊन खटका ऐकायचा. जास्त वेळ दिले तर कॉइल तापते.

बाजारातले धातूचे पिस्टन व्हॉल्व्ह टिकतात, पण देखभाल मागतात. तेल वाळून पिस्टन अडकतो, मग कधी उघडा राहून बूस्ट जातो, कधी बंद राहून पेडल सोडल्यावर टर्बोतून फडफड ऐकू येते. वर्षातून एकदा काढून पुसावा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. जाड ग्रीस धूळ धरतं. प्रीलोडचा (स्प्रिंगच्या सुरुवातीच्या ताणाचा) स्क्रू गळती थांबवायला आवळत जाऊ नये. फडफड सुरू झाली की तो जास्त आवळलाय. एअरफ्लो मीटरच्या गाडीला बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह लावला तर पेडल सोडताना मोजलेली हवा फेकली जाते, मिश्रण घट्ट होतं, गाडी गचके देते. त्याला गळती म्हणू नये. आणि डिझेलला बूस्ट कमी असेल तर डंप व्हॉल्व्हचा विचारही नको, मूळ गाडीत तो नसतोच. तिथे होज, काजळीने जाम झालेल्या टर्बोच्या पाकळ्या आणि त्यांचा व्हॅक्युम अ‍ॅक्च्युएटर पाहायचा. हातपंपाने व्हॅक्युम देत गेल्यावर रॉड न अडकता पूर्ण सरकून तिथेच थांबला पाहिजे.

पेट्रोलच्या वेस्टगेटला याच पंपाने उलट, दाब द्यायचा. रॉड कंपनीने दिलेल्या आकड्याच्या आसपास हलायला लागला आणि दाब धरून राहिला तर कॅन (रॉड हलवणारा डबा) ठीक. आधीच हलला तर स्प्रिंग थकलीय किंवा प्रीलोड सैल आहे, मग नवा डंप व्हॉल्व्हही काही करू शकत नाही. टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तरी बूस्ट उशिरा येतो. थंड इंजिनावर टिकटिक ऐकू आली तर तिथे बघावं.

तपासणी पूर्ण झाल्यावर टी-जोड काढून बारीक नळी मूळ जागी, ब्रीदर परत, बूच काढलं की नाही ते दोनदा पाहायचं. इनलेटमध्ये राहिलेलं बूच टर्बो खाऊन टाकतो. जोड तेलरहित करून, होज पाइपाच्या कडेच्या उंचवट्यापलीकडे सरकवून मगच क्लॅम्प आवळायचा. इसीयूतले जुने ट्रिम पुसायचे आणि तोच रस्ता, तोच तिसरा गिअर, पुन्हा २००० आरपीएमपासून नोंद. मिळालेला बूस्ट मागणीच्या शंभर मिलीबारच्या आत आला एवढ्यावर थांबू नये, वेस्टगेटची ड्यूटी पहिल्या नोंदीपेक्षा खाली उतरली का ते पाहावं. बूस्ट तेवढाच आणि ड्यूटी अजूनही वर असेल तर टोपी परत लावायची, कुठेतरी दुसरी गळती आहे, किंवा वेस्टगेट नीट बंद होत नाही.