चोरलच्या चिखलासाठी पावणेपाच टनी बो शॅकल
इंदूरहून चोरल-जानापावच्या काळ्या चिखलात गाडी घालणार असाल, तर हा पाऊण इंची बो शॅकल, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचा पट्टा गाडीला जोडणारी पिनवाली धनुष्याकार लोखंडी कडी, जरूर घ्या. अंगावर ४.७५ टन कोरलेलं नसेल तर परत करा. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती अडकते. आणि शॅकल कितीही दणकट असला तरी तो चॅसिसला बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच (रुतलेली गाडी ओढण्यासाठीच्या मजबूत कड्यालाच) लावायचा. बंपरमधला स्क्रूचा टो-हुक सपाट रस्त्यापुरता. झटक्याने तुटला तर गोळीसारखा सुटतो. ट्रेलर जोडायचा गोळा, म्हणजे टो-बॉल, तर नकोच! बाहेरून पॉइंट बसवलात तर विमा कंपनीला लेखी कळवा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली, तर इंजिनचा दावा सहसा अडतो. इंजिन प्रोटेक्शन अ‍ॅड-ऑन घ्याच.