जुन्या वाड्याला पाच स्टार, नव्या खोलीला दोन : मिरजेतल्या आमच्या गाण्याच्या क्लासचं काम

सव्वा वर्ष थांबून लिहितेय, कारण बांधकाम कसं झालंय ते एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय कळतच नाही. कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाकत नाही, माणूस वाईट नाही आणि त्याचा पोरगा आमच्याकडेच तबला शिकतो.

तर आमचा वाडा म्हणजे पुढं सोपा (दर्शनी भागातली ऐसपैस बैठकीची जागा), वर माडी, मागं परस, दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत. सासूबाई इथं तीस वर्षं गाणं शिकवतायत, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना पोरं बसतात, प्रारंभिक, प्रवेशिका वगैरे. पोरं वाढली, सोपा पुरेना, त्यात दोन तुळयांना वाळवी लागलेली. म्हणून ठरवलं जुनं दुरुस्त करायचं आणि परसात 14 बाय 22 ची एक नवी स्लॅबची खोली काढायची, तबल्याच्या बॅचसाठी आणि महिन्याच्या बैठकीसाठी.

आधी चांगलं सांगते. जुन्या भागाचं काम या माणसानं जे केलंय त्याला तोड नाही, आणि त्याचं कारण म्हणजे त्यानं आणलेले मिस्त्रीमामा, वय सत्तरच्या पुढं. वीसेक वर्षांपूर्वी आम्हीच शहाणपणा करून मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा मारला होता, तेव्हापासून खालचे तीन फूट लोणा लागून, म्हणजे ओलीनं क्षार फुटून, सारखे फुगायचे, दर दिवाळीला रंग मारायचा आणि संक्रांतीपर्यंत पापुद्रे खाली. मामांनी पहिल्याच दिवशी थापी मारून बघितली आणि म्हणाले, "वैनी, सिमेंट म्हंजे भिंतीला रेनकोट घातल्यागत हाय, आतला घाम जाणार कुठनं?" सगळं सिमेंट खरवडून काढलं, मग चुना, त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी, दोन हात आणि रोज पाणी मारायचं. तीन महिने गेले, मी वैतागले होते, घरभर गुळाचा वास आणि मुंग्या. पण गेला पावसाळा भिंत कोरडी खणखणीत राहिली. तुळयाही अख्ख्या बदलल्या नाहीत, सडलेला टोकाचा भाग तेवढा कापून जुन्याच सागाचा सांधा मारला, आता दाखवल्याशिवाय सापडत नाही.

आता नवी खोली.

सुरुवातीलाच भांडण झालं. आपली काळी माती, पावसात फुगते उन्हात भेगाळते, जुना वाडा दगडी पायावर आणि नवी खोली आरसीसीच्या फुटिंगवर (सळया घातलेल्या काँक्रीटच्या पायावर), म्हणजे दोघं आपापल्या तऱ्हेनं हलणार. कॉन्ट्रॅक्टरला नवा बीम सरळ जुन्या भिंतीत घुसवायचा होता, एक कॉलम वाचतो म्हणून. माझ्या भावाच्या ओळखीच्या इंजिनिअरनं अडवलं, दोन इंचांची फट ठेवायला लावली, नाहीतर आज जुनी भिंत चिरलेली असती. फट ठेवली पण ती झाकायला नुसतं सिलिकॉन भरलं! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मधल्या दारात धार लागली. तानपुरा नेमका त्याच भिंतीला टेकवलेला, भोपळ्याचा जोड सुटला. आता आम्ही मिरजेत राहतो, दोन गल्ल्यांवर सतारमेकर मंडळी, ज्यांच्या सतार-तानपुऱ्याला 2024 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं दुरुस्ती झाली, पण कारागिरानं भोपळ्यावरून हात फिरवत माझ्याकडं असं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर पत्र्याचं झाकण बसवलं, एक बाजू जुन्या भिंतीला, दुसरी मोकळी, तेव्हा गळती थांबली. हे आधी करायला काय झालं होतं?

पण खरी गंमत आवाजाची. खोली दिसायला एकदम झकास, गुळगुळीत भिंती, चकाचक टाइल्स, पीओपीचं छत, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि टर्रर्रर्र असा आवाज समोरासमोरच्या भिंतींमधून धावत राहिला, पत्र्याच्या डब्यात कंचे हलवल्यासारखा. तिनतालाचा ठेका लावला तर डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, खर्जातल्या वाद्याचा) घुमारा पुढच्या मात्रेवर सांडतोय, पोरांना आपलंच बोट ऐकू येईना.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काळजी नको, अकॉस्टिक पॅनेल लावू. लावले ते एक इंची फोमचे, ते टोकेरी टोकेरी असतात ना तसले, 68 हजार घेतले. आणि काय झालं माहितीय का, टर्रर्र गेलं पण तानपुऱ्याची जवारीच, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणकारच खाऊन टाकली त्यानं! वरचे बारीक स्वर सगळे फोमच्या पोटात आणि डग्गा तसाच घुमतोय. साधं गणित आहे, मला नंतर कळलं, डग्ग्याचा 100 हर्ट्झच्या आसपासचा आवाज म्हणजे साधारण साडेतीन मीटर लांबीची लाट, तिला एक इंच फोम काय अडवणार. आणि फोम म्हणजे साउंडप्रूफ नव्हे, हे तर सगळ्यांनी लक्षात ठेवा, आवाज बाहेर जायचा तो सरकत्या खिडक्यांच्या फटीतनं जातोच, शेजारच्या काकांना अजून आमचा तबल्याचा धिरधिर बोल पाठ आहे. खिडक्या उघडझाप पल्ल्याच्या, रबर लावलेल्या हव्या होत्या.

शेवटी आम्हीच उपाय केले. अर्धा फोम काढला. कोपऱ्यांत लाकडी चौकटी करून चार इंची रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) भरलं, वर खादीचं कापड. एका लांब भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, समोरच्या भिंतीपासून चार बोटं सोडून आजेसासूबाईंच्या दोन वाकळा टांगल्या, खाली सतरंजी. सगळं मिळून 19 हजार. आता तबल्याची बॅच चालते, गाण्याला मात्र सासूबाई अजूनही सोप्यातच बसतात. तिथं चुन्याची खडबडीत भिंत, वर कडीपाट, कोनाडे, खांब, एक पृष्ठभाग सरळ नाही, आणि षड्ज लावला की कानाला गार वाटतं. कोणी अकॉस्टिक्सवाला बोलावलेला नव्हता तेव्हा.

पैशाचं म्हणाल तर 21 लाख सांगितले होते, 27 झाले, त्यातला निम्मा वाढावा फोम, गळती आणि बदललेल्या टाइल्सचा. वेळ सहा महिने सांगितला, अकरा लागले. कामगार व्यवस्थित, साइट रोज झाडायचे, क्लासच्या वेळेत ड्रिल बंद ठेवायचे, हे मान्य करायलाच पाहिजे.

जुनं घर दुरुस्त करायचं असेल तर डोळे मिटून यांना द्या, पण मिस्त्रीमामा येणार का ते आधी विचारा. नवी खोली असेल तर प्लॅन हातात येतानाच आवाजाचं बोला, टाइल्स बसल्यावर नाही.

परवाच फोन आला होता कॉन्ट्रॅक्टरचा, एका नृत्याच्या क्लासचं काम मिळतंय, तुमचं काम बघायला माणसं पाठवू का म्हणून. म्हटलं पाठवा की, सोपा आधी दाखवते, आणि मागच्या खोलीत येताना घुंगरू बांधून यायला सांगा.