फ्लोरिडा सिनेटचे संकेतस्थळ: अधिवेशनाची तारीख बदलते तेव्हा

अमेरिकेतील एखाद्या राज्याच्या विधिमंडळाचे कामकाज दुरून समजून घ्यायचे असेल, तर फ्लोरिडा सिनेटच्या संकेतस्थळाइतकी चांगली मोफत सेवा माझ्या पाहण्यात नाही. तिची कसोटी पाहण्यासाठी मी एकच प्रश्न घेतला: तेथील नियमित अधिवेशनाची सुरुवात मार्चऐवजी जानेवारीत झाली, की नेमके काय बदलते?

मूळ नियम शोधायला वेळ लागत नाही, कारण राज्यघटना आणि कायदे दोन्ही तेथेच वाचता येतात. विषम वर्षी अधिवेशन मार्चमधील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी सुरू होते आणि ते सलग साठ दिवसांपेक्षा जास्त चालवायचे असेल तर दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मते लागतात. सम वर्षी मात्र साधा कायदा करून वेगळी तारीख ठरवता येते. २०१६ पासून २०२६ पर्यंत प्रत्येक सम वर्षी अधिवेशन जानेवारीतच सुरू झाले. महाराष्ट्रात पुढच्या अधिवेशनाची तारीख चालू अधिवेशन संपताना ऐकण्याची सवय असलेल्या वाचकाला वर्षभर आधी माहीत असलेली ही तारीख हेवा वाटावी अशीच आहे.

संकेतस्थळाचा सर्वात मोलाचा भाग म्हणजे अधिवेशनाच्या तारखांचा एकपानी तक्ता. २०२४ चा तक्ता पाहिला तर ९ जानेवारीला अधिवेशन सुरू होते, त्याच दिवशी दुपारी बारा वाजता विधेयके दाखल करण्याची मुदत संपते, पन्नासाव्या दिवशी, म्हणजे २७ फेब्रुवारीला, समित्यांच्या नियमित बैठका थांबतात आणि ८ मार्चला साठावा दिवस उजाडतो. पण त्याच पानावर वरच्या बाजूला आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील एक तारीख आहे: विधेयकांच्या मसुद्यांसाठी विनंत्या देण्याची अखेरची मुदत. मार्चमध्ये भरणाऱ्या अधिवेशनासाठी हीच मुदत जानेवारीत येते. म्हणजे सुरुवात दोन महिने अलीकडे आली की मसुदे आणि समित्यांच्या प्राथमिक बैठका आदल्या वर्षाच्या शरद ऋतूत ढकलल्या जातात, आणि ज्या नागरिकाने फक्त उद्घाटनाची तारीख ध्यानात ठेवली, तो आपले म्हणणे मांडायला उशिरा पोहोचतो. हे पान नीट वाचले तर ती चूक टळते.

प्रत्येक विधेयकाच्या पानावर इतिहास, मजकूर, दुरुस्त्या, समितीचे विश्लेषण आणि मतदान वेगवेगळ्या रकान्यांत मिळते. सिनेटच्या विधेयकांना सम आणि प्रतिनिधिगृहाच्या विधेयकांना विषम क्रमांक असल्याने कोणते कोठून आले हे लगेच कळते. समितीच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेली विश्लेषणे मला विशेष आवडली, कारण त्यांत सध्याची तरतूद आधी समजावून मगच प्रस्तावित बदल सांगितलेला असतो. विनामूल्य खाते उघडून विधेयकाचा मागोवा ठेवला तर बदलांची सूचना इ-मेलने येते.

उणीव आहे ती कारणांची. तारखांच्या तक्त्यावरून तारीख का बदलली हे कळत नाही, आणि खरे तर तोच भाग लोकांना हवा असतो. अधिवेशनकाळात सदस्यांनी निवडणूक निधी गोळा करू नये असा सभागृहांचा नियम आहे. ऑगस्टमध्ये पक्षांचे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक (प्रायमरी) असलेल्या वर्षी अधिवेशन मार्चमध्येच आटोपले तर प्रचाराला मोकळा वेळ मिळतो. दुसऱ्या बाजूला, आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असल्याने मार्चमधील सुरुवात अर्थसंकल्पाला फार थोडी सवड ठेवते. २०२५ चे अधिवेशन ४ मार्चला सुरू झाले, अर्थसंकल्पावर दोन्ही सभागृहांचे जमले नाही आणि मुदत वाढवून काम जूनच्या मध्यापर्यंत न्यावे लागले. जानेवारीत सुरुवात झाली असती तर वाद टळला असता असे मी म्हणणार नाही, पण तो निस्तरायला हाताशी दोन महिने जास्त असते. अशी टिप्पणी दोन परिच्छेदांत तक्त्याखाली दिली, तर शाळेतील मुलांनाही ती उपयोगी पडेल.

विशेष अधिवेशनांची नावेही नवख्याला गोंधळात टाकतात: वर्षापुढे इंग्रजी अक्षर जोडलेले असते, पण ते कशासाठी हे यादीत लिहिलेले नसते. शोधताना वर्षाच्या यादीत नियमित अधिवेशनच निवडले आहे ना, हे आधी पाहावे.