लंडनहून परतल्यावर: गोळी की ऊन?

शेजारच्या काकू लेकाकडून लंडनहून सांगलीला आल्या, आणि रात्री दोन वाजता टक्क जाग्या. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे, म्हणजे त्यांच्या शरीराला तेव्हा साडेनऊच वाजलेले! "मेलाटोनिनची गोळी घेऊ का गं?"

मेलाटोनिन म्हणजे शरीराला झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक. त्याच्या गोळीला पैसे पडतात, कष्ट नाहीत. झोपायच्या वेळी छोटा डोस पुरतो. पण रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

ऊन फुकट, आणि शरीराचं घड्याळ सरकवायला सगळ्यात जोरकस. पहिल्या दिवशी नऊनंतर, मग रोज थोडं लवकर, आयर्विन पुलापर्यंत चालून यायचं. दुपारी लोळणं टाळायचं, तेच खरं अवघड.

दोन दिवसांत घरात लग्नकार्य असेल तर जोडीला गोळी. काकूंसारखं निवांत असेल तर ऊनच.